आधी अर्थिंग, मग मनोरा

वळवाच्या पावसाने शेतकऱ्यास दिलासा मिळतो. परंतु त्याबरोबर येणारा कडकडाट गावातील बिनतारी यंत्रांचा कर्दनकाळ ठरतो. ग्रामपंचायतीच्या छपरावरील वाय-फायचा खांब, महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्र, द्राक्षबागेतील ओलाव्याची वार्ता घरी पोचविणारी अँटेना, विहिरीवरील मोटार मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी ही सर्व साधने उघड्या आभाळाखाली आणि बहुधा भोवतालच्या वस्तूंपेक्षा उंचावर उभी असतात. खरेदीच्या वेळी त्यांचा पल्ला, वेग आणि किंमत यांची चौकशी बारकाईने होते. ती जमिनीशी कशी जोडली जाणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आणि विचारलाच, तर 'ते नंतर पाहू' असे उत्तर मिळते. हे उत्तर गावाने स्वीकारू नये. अर्थिंगचा खड्डा तयार झाल्याखेरीज खांब उभा करू देऊ नये, असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत.

बिनतारी यंत्र गावाला नवे नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला, तो प्रसिद्धच आहे. त्या काळच्या रेडिओसंचांना दोन तारा लागत. एक छपरावर ताणलेली एरियलची आणि दुसरी जमिनीत गेलेली. खबरदार मंडळी खिडकीशी एक कळ बसवीत आणि आभाळ भरून येताच एरियल जमिनीला जोडून टाकीत. पुढे ट्रान्झिस्टर आला. त्याची अँटेना पेटीतच असल्यामुळे एरियल गेली आणि तिच्यामागोमाग जमिनीची तारही विस्मरणात गेली. आता अँटेना पुन्हा छपरावर चढली आहे. जमिनीची तार मात्र परत आलेली नाही.

मराठीत आभाळातील विजेला आणि खांबावरील विजेला एकच शब्द आहे. त्यामुळे एक गैरसमज सर्वत्र रुजला आहे तो असा की, घरातील वीज आवरणारी साधने आभाळातील वीजही आवरतील. वास्तविक या दोहोंत महदंतर आहे. जमिनीवर कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह साधारणपणे ३०,००० अँपिअरच्या घरात असतो आणि तिच्या मार्गातील हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. हा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत, शिगेला पोचतो. घरातील एम.सी.बी.ला तुटावयास याच्या कितीतरी हजार पट वेळ लागतो. तो तुटेपर्यंत यंत्राची राख झालेली असते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वीज थेट खांबावरच पडली, तर कोणतेही साधन यंत्राला वाचवू शकत नाही. मग अर्थिंगवर खर्च कशासाठी? आक्षेपाचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. थेट आघातात अँटेना जाईल, हे गृहीत धरूनच चालावे. परंतु यंत्रे बिघडण्याचे प्रसंग बहुतांशी थेट आघाताचे नसतात. शे-दोनशे मीटरवरील झाडावर वा खांबावर वीज पडली, तरी छपरापासून संगणकापर्यंत गेलेल्या लांब केबलमध्ये हजारो व्होल्टचा दाब आपोआप निर्माण होतो. तो दाब जमिनीत उतरण्याची वाट शोधतो आणि वाट नसेल, तर संगणकाच्या आतून ती करून घेतो. हे नुकसान निश्चितपणे टाळता येते. शिवाय थेट आघाताच्या प्रसंगीही प्रश्न केवळ अँटेनेचा नसतो. तो प्रवाह घराबाहेरच्या पट्टीवाटे खाली जातो, की केबलीवाटे टेबलाशी बसलेल्या माणसापर्यंत येतो, हे अर्थिंगवरच ठरते.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट आहे. खांब उभारल्याने वीज ओढली जाते, सबब गावात खांबच नको, असे काही ठिकाणी म्हटले जाते. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. उंच आणि एकाकी वस्तूवर वीज पडण्याचा संभव अधिक असतो, हे खरेच आहे. म्हणूनच न जोडलेला खांब हा बेफिकिरीचा नमुना होय. सेंट पीटर्सबर्गचे प्राध्यापक गेओर्ग रिखमान यांनी विजेचे मापन करण्यासाठी छपरावर लोखंडी कांब उभारून तिची तार घरात आणली होती. मापन करावयाचे असल्यामुळे ती जमिनीपासून मुद्दाम अलग ठेवलेली होती. १७५३ च्या एका वादळात ते त्या उपकरणाजवळ गेले असता तारेतून निघालेल्या ठिणगीने त्यांचा जागीच अंत झाला. आज छपरावर खांब उभारून त्याची केबल घरात आणली जाते आणि खांब जमिनीला जोडलेला नसतो, तेव्हा रिखमान यांचाच प्रयोग नकळत पुन्हा मांडला जातो. त्यांना निदान आपण काय करीत आहोत याची जाणीव होती.

आता ज्या चुकीमुळे सर्वाधिक यंत्रे निकामी होतात, तिच्याकडे वळणे इष्ट होईल. ही चूक अर्थिंग न करणाऱ्यांची नसून ते हौसेने करणाऱ्यांची आहे. 'संगणकाचे अर्थिंग वेगळे, मीटरचे वेगळे, खांबाचे वेगळे, म्हणजे एकाची बाधा दुसऱ्याला नको' असा सल्ला ठेकेदार छातीठोकपणे देतात आणि तो ऐकावयास शहाणपणाचाही वाटतो. परंतु साधा गुणाकार करून पाहावा. खांबाच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे, म्हणजे तो तपासणीत उत्तीर्ण होण्याजोगा आहे, असे धरू. त्यातून ३०,००० अँपिअर प्रवाह गेला, की तो खांब, त्याची पट्टी आणि भोवतालची जमीन क्षणभर ३,००,००० व्होल्टपर्यंत चढते. वीस मीटरवरील मीटरचा खड्डा मात्र जवळजवळ पूर्वीच्याच पातळीवर राहतो. या दोहोंना सांधणारी एकच वस्तू उरते, ती म्हणजे खांबावरून संगणकाकडे आलेली केबल. ते तीन लाख व्होल्ट तिच्यावाटेच समतोल साधतात. अर्थात दोन उत्तम पण अलग खड्डे हे एका मध्यम प्रतीच्या सामाईक खड्ड्यापेक्षा अधिक घातक ठरतात.

विजेच्या तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, हे शेतकऱ्याच्या नित्य पाहण्यातले आहे. तिचे दोन्ही पाय एकाच पातळीवर असतात, म्हणून ती सुरक्षित असते. सबंध कार्यालयाचे असेच व्हावयास हवे. खांब, खांबाच्या ताणतारा, केबलीचे आवरण, मीटरचे अर्थिंग, संगणकाच्या खोबणीतील तिसरी पिन, पाण्याची लोखंडी नळी हे सारे जाड वाहकाने परस्परांशी जोडलेले असले, म्हणजे दाब चढताना सर्व काही एकदम चढते, एकदम उतरते आणि यंत्राच्या पोटातून कोणताही प्रवाह जात नाही. एकापेक्षा अधिक खड्डे असण्यास मुळीच हरकत नाही. ते उपकारकच आहेत. फक्त ते जमिनीखालून एकमेकांस जोडलेले असले पाहिजेत. खेड्यांतून तीन पिनांच्या खोबणीचे तिसरे भोक पुष्कळदा नुसते शोभेचे असते. बिनतारी यंत्र बसविण्याआधी ते कोठे जाते याचा शोध घेतला, तरी निम्मे काम झाले म्हणावयाचे.

दोन इमारतींना, उदाहरणार्थ ग्रामपंचायत आणि शाळा यांना, तांब्याच्या केबलीने जोडण्याची पद्धत मात्र सर्वस्वी सोडून द्यावी. त्यांचे खड्डे एक करणे अंतरामुळे कठीण असते. तेथे काचतंतूची केबल घालावी. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. 'भारतनेट' योजनेमुळे काचतंतूची ओळख आता ग्रामपंचायतींना झालेली आहे आणि त्याची जोडणी करणारे कारागीरही तालुक्यास मिळू लागले आहेत. एवढेच पाहावे की, त्या केबलीस बळकटीसाठी लोखंडी कवच असेल, तर ते इमारतीच्या प्रवेशद्वारीच थांबवून अर्थिंगला जोडलेले असावे.

केबलीवर बसवावयाच्या सर्ज अरेस्टरविषयीही असाच घोळ आढळतो. ही लहानशी डबी दाब वाढताच प्रवाहाला जमिनीकडे वळविते. तिचे सारे कार्य जमिनीवर अवलंबून असल्यामुळे अर्थिंगविना बसविलेली डबी म्हणजे पाट नसलेला बंधारा होय. ती दोन ठिकाणी हवी. एक वर अँटेनेपाशी आणि दुसरी केबल भिंतीतून आत शिरते त्या जागी. संगणकाच्या टेबलावर ती ठेवण्यात अर्थ नाही. कारण तोवर पाहुणा घरात आलेला असतो.

या डबीपासून, तसेच खांबापासून निघणारी तार आखूड आणि सरळ असणे अत्यंत आवश्यक आहे. विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात १०,००० अँपिअरने वाढला, तर एक मीटर सरळ तारेच्या दोन टोकांमध्ये सुमारे १०,००० व्होल्टचा फरक पडतो. तार कितीही जाड असली, तरी यात फारसा उतार पडत नाही. लांबी हाच येथे खरा शत्रू असतो. कारागिरांना उरलेली तार कापावयाचे जिवावर येते, म्हणून ते तिचे वेटोळे करून खिळ्याला अडकवून ठेवतात. ते वेटोळे विजेच्या वाटेत बांधच घालते. काटकोनातली वळणेही टाळावीत. पाटाच्या पाण्याप्रमाणे हा प्रवाहसुद्धा तीव्र वळणावर काठ फोडून बाहेर उडी घेतो. खाली येणारी पट्टी घराच्या बाहेरच्या भिंतीवरून न्यावी, जिन्यातून वा खोलीतून नेऊ नये. २५ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड अशी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी या कामास पुरते. तांबे अधिक चांगले असा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, तांब्याची पट्टी पहिल्याच अमावास्येला चोरीस जाण्याचा संभव असतो. आणि जागी असलेले लोखंड चोरीस गेलेल्या तांब्यापेक्षा केव्हाही सरस. तांबे आणि मुलाम्याचे लोखंड यांचा उघडा सांधाही करू नये; ओलाव्यात लोखंड झपाट्याने झिजते. खांबाच्या शेंड्यावर अँटेनेहून वर गेलेली एक टोकदार कांब असावी, म्हणजे अँटेना तिच्या ४५ अंशांच्या छायेत राहते.

जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्राची अडचण विशेष आहे आणि तिचा विचार छापील आराखड्यात क्वचितच असतो. वीज सर्वाधिक कडाडते ती मान्सूनपूर्व काळात, रोहिणी-मृगाच्या सुमारास, आणि पुन्हा परतीच्या पावसात, हस्त-चित्रात. यांपैकी पहिला काळ असा असतो की, तेव्हा जमीन वर्षातील सर्वांत कोरडी असते. काळी माती ओली असताना उत्तम वाहक असते. परंतु वैशाखात तिला हातभर भेगा पडतात आणि ती नळीपासून सुटून अलग होते. म्हणजे ज्या आठवड्यात अर्थिंगची खरी गरज, त्याच आठवड्यात ते निकामी! ऑगस्टमध्ये मोजलेल्या उत्तम आकड्यावर विसंबणे म्हणूनच भ्रामक ठरते. मुरमाड जमिनीत, दख्खनच्या काळ्या पाषाणावर आणि कोकणातील जांभ्यात तर एका नळीने भागत नाही.

भारतीय मानक ३०४३ नुसार नळीचे अर्थिंग करताना ३८ मि.मी. अंतर्व्यासाची, मुलामा दिलेली आणि सुमारे अडीच मीटर लांबीची नळी वापरतात, आणि खड्डा इमारतीपासून किमान दीड मीटर दूर घेतात. नळ्या अधिक घालावयाच्या असतील, तर दोन नळ्यांतील अंतर निदान नळीच्या लांबीइतके ठेवावे. जवळजवळ ठोकलेल्या दोन नळ्या जवळपास एकीचेच काम करतात. जेथे हातभर खाली खडक लागतो, तेथे खोल जाण्याचा हट्ट सोडून लोखंडी पट्टी अर्धा मीटर खोल चरातून दूरवर, दोन-तीन दिशांना पसरावी. मीठ आणि कोळसा घालण्याची रीत जुनी आहे. ती निरुपयोगी नाही. पण मीठ पावसाबरोबर वाहून जाते आणि जाता जाता नळीलाही खाते. बेंटोनाइटची माती ओल धरून ठेवते व लोखंडाला अपाय करीत नाही, म्हणून ती पसंत करावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चैत्रापासून पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून एकदा खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतणे. याला कोणतेही अनुदान लागत नाही.

हातपंपाला अर्थिंगची तार बांधून मोकळे होणाऱ्यांना मात्र कडक समज दिली पाहिजे. त्या दांड्याला दिवसभर कोणाचा ना कोणाचा हात लागलेला असतो.

गुरांचाही विचार केला पाहिजे. वीज जमिनीत शिरली म्हणजे ती चोहोंकडे पसरते आणि खड्ड्यापासून जसजसे दूर जावे, तसतसा दाब उतरत जातो. माणसाच्या दोन पावलांतील अंतर थोडे असते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतर त्याहून कितीतरी अधिक, आणि त्या दोन पायांमधल्या दाबाचा प्रवाह थेट काळजातून जातो. झाडाखाली उभी असलेली गुरे एका वेळी दगावतात, परंतु गुराखी कधी कधी वाचतो, त्याचे एक कारण हेच होय. बिनतारी खांबाच्या ताणतारा जमिनीपर्यंत आलेल्या असल्यामुळे त्यांना जनावर बांधण्याचा मोह अनेकांना होतो. तो अनाठायी आहे. अर्थिंगचा खड्डा गोठ्यापासून, पाणवठ्यापासून आणि शाळेच्या वाटेपासून दूर घ्यावा. खांबाला वीज अटकाव यंत्र बसविले, म्हणजे त्याखाली आसरा घ्यावा, असाही त्याचा अर्थ नव्हे. पंपावरची पत्र्याची खोपही आसरा नव्हे.

सर्वच साधनांना एवढा खटाटोप हवा, असेही नाही. गुडघाभर उंचीवरील, बॅटरीवर चालणारा आणि कोणतीही लांब केबल नसलेला ओलाव्याचा संवेदक जसा आहे तसाच ठेवावा. गेलाच, तर दुसरा लावावा. जेथे उंच खांब आहे, जेथे तार घरात येते अथवा विजेच्या खांबावरून पुरवठा घेतलेला आहे, तेथेच ही सारी व्यवस्था अनिवार्य समजावी. विहिरीवरील मोबाईल स्टार्टरची पेटी या दुसऱ्या वर्गात मोडते. कारण आभाळातील वीज तिच्यावर बहुधा अँटेनेवाटे न येता डीपीकडून आलेल्या तारांवाटे येते. म्हणून तेथे पुरवठ्याच्या बाजूलाही सर्ज अरेस्टर हवा आणि मोटार, पेटी व खांब यांचे अर्थिंग एकच हवे.

यात गावाचे नेमके काय पणाला लागले आहे, हे हवामान केंद्रांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. महावेध प्रकल्पातून २०१७ पासून राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारली गेली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात अशा केंद्रांच्या नोंदींवर भरपाई ठरते. ज्या संध्याकाळी वादळी पाऊस होतो, त्याच संध्याकाळी विजेने केंद्र मुके झाले, तर त्या दिवसाच्या पावसाचा आणि वाऱ्याचा साक्षीदारच नाहीसा होतो. बाग मोडून पडलेली आणि नोंदीची जागा कोरी, अशा वेळी शेतकऱ्याने दाद कशाच्या आधारे मागावी? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप २० व ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते. तीही हातातील मोबाईलला संदेश मिळत असेल, तोवरच उपयोगी. सूचना देणारे जाळे पहिल्याच कडकडाटात झोपत असेल, तर ती सूचना नेमकी पुढच्या, अधिक जवळच्या विजेच्या वेळी मिळणार नाही.

जाळे शाबूत असो वा नसो, वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. त्या वेळी केबल काढण्यासाठी यंत्राला हात लावणे हा शुद्ध अविचार होय. केबल काढावयाची असेल, तर ती आभाळ भरून येण्यापूर्वी काढावी. यंत्राची किंमत भरून येते.

राहता राहिला प्रश्न जबाबदारीचा. खांब पुरविणारा म्हणतो, अर्थिंग हे वायरमनचे काम. वायरमन म्हणतो, ते अंदाजपत्रकात नाही. आणि ग्रामपंचायतीस वाटते, एवढे महाग यंत्र घेतले त्यात ते आलेच असेल. हा टोलवाटोलवीचा खेळ थांबवावयाचा, तर अंदाजपत्रकात अर्थिंग व वीज अटकाव यांची बाब पहिल्या क्रमांकावर लिहिली जावी आणि ती पुरी होऊन मोजमाप झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. खांब, यंत्रे आणि मजुरी यांच्या तुलनेने ही रक्कम लहान असते. ती लहान असल्यामुळेच काटकसरीची कात्री प्रथम तिच्यावर चालते.

मोजमाप अर्थ टेस्टरने करावे आणि ते मे महिन्यात, खड्ड्यात पाणी ओतण्यापूर्वी करावे. निरीक्षकाच्या आगमनाआधी रात्री खड्डा भिजवून ठेवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामुळे नोंदवहीतील आकडा सुधारतो, खड्डा सुधारत नाही. आकडा, दिनांक आणि शेवटचा पाऊस कधी झाला ते, अशा तीन गोष्टी नोंदवहीत लिहाव्यात. दहा ओहमच्या वर आकडा गेला, तर आणखी एक नळी घालावी. परतीचा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, सर्ज अरेस्टरच्या डब्या उघडून पाहाव्यात. ज्या काळ्या पडल्या असतील त्या बदलाव्यात, आणि गंजलेले नटबोल्ट घासून पुन्हा आवळून त्यांवर ग्रीसचा हात फिरवावा.